घरोघर जाऊन परत आणलेले औषध

वैद्य शकुंतलाबाई डहाके यांची आणि माझी ओळख झाली ती जानकीपुरमच्या विस्तारातल्या आमच्या औषधसंशोधन संस्थेच्या फाटकावर. मी तिथे विश्लेषण विभागात रसायनज्ञ होतो. वेंगुर्ल्याहून लखनऊला येऊन मला तेव्हा दहाएक वर्षे झाली असतील. एका दुपारी पहाऱ्यावरच्या माणसाचा फोन आला की कोणी मराठी मॅडम डबा घेऊन आल्या आहेत, आत येत नाहीत, तुम्हालाच बाहेर बोलावतात. मंडळाच्या गणपतीचे आमंत्रण असेल असे समजून मी गेलो. साठीच्या आसपासच्या, उंच, ताठ चालीच्या एक बाई कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांनी स्टीलच्या डब्याचे झाकण काढून माझ्यापुढे धरले. आत पिवळे खडे होते.

"मी वैद्य आहे. हा गंधक मी माझ्या रोग्यांना शुद्ध करून देते," त्या म्हणाल्या. "याच्यात काय वाईट आहे तेवढं मला शोधून द्या."

आमच्याकडे औषधांचे नमुने घेऊन येणारे पुष्कळ. त्यांतल्या प्रत्येकाला आपले औषध उत्तम असल्याचा कागद हवा असे. वाईट काय ते विचारायला आलेले माणूस मी प्रथमच पाहत होतो. तरीही मी त्यांना कोरडेपणाने सांगितले की खासगी नमुने आम्ही घेत नाही, रीतसर अर्ज लागेल. बाईंनी वाद घातला नाही. अर्ज कुणाच्या नावे करायचा, सोबत काय जोडायचे, एवढे विचारून घेतले आणि डब्याचे झाकण लावून त्या बसच्या थांब्याकडे निघाल्या. त्यानंतर सात महिने त्या पत्रव्यवहार करीत राहिल्या आणि अखेरीस त्यांचे जुने आयुर्वेद महाविद्यालय व आमची संस्था यांच्यात एक लहानसे संयुक्त काम मंजूर करून घेऊनच थांबल्या. त्या कामावर माझी नेमणूक झाली. पुढची पंधरा वर्षे मी त्यांच्या सहवासात काढली ती अशी.

बाई मूळच्या अमरावती जिल्ह्यातल्या. यजमान बँकेत अधिकारी. त्यांची बदली लखनऊला झाली आणि बाई इथल्या महाविद्यालयात रसशास्त्र, म्हणजे धातू आणि खनिजांपासून औषधे करण्याची विद्या, शिकवू लागल्या. निवृत्तीनंतर त्यांनी तेलीबागेतल्या राहत्या घरी चिकित्सालय काढले. घरामागच्या पत्र्याच्या शेडला त्या रसशाळा म्हणत. स्वतःच्या रोग्यांपुरतीच औषधे तिथे होत आणि त्यांतली बहुतेक गंधकाची असत. जुनाट त्वचारोगांवर पोटात घ्यायचे गंधक रसायन आणि खरजेवर लावायचे गंधकाचे मलम, या दोहोंवर बाईंचा हात बसला होता.

गंधकाचे शोधन मी तोवर फक्त वाचले होते. बाईंनी एका रविवारी मला ते पाहायला बोलावले आणि प्रत्यक्षात करायलाच लावले. पातेल्यात कढत दूध, त्याच्या तोंडावर बांधलेले फडके. लोखंडी कढईत तूप तापवायचे, त्यात कुटलेला गंधक घालायचा, तो मंद आचेवर वितळला की फडक्यावर ओतायचा. गाळ वर राहतो, गंधक दुधात उतरून कणीदार होतो. मग तो गरम पाण्याने धुवायचा, वाळवायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचे. मी आच जरा वाढवली. कढईतला मधासारखा पातळ गंधक बघता बघता तांबूस आणि चिकट झाला, ओतता येईना. एका ठरावीक उष्णतेपलीकडे गंधक असा घट्ट होतो हे मी संस्थेत शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना सांगत आलो होतो. बाईंनी त्याचा उल्लेखही केला नाही. शिवप्रसादजी नावाचे वयस्क गृहस्थ रसशाळेत त्यांना मदत करीत. त्यांच्याकडून राख मागवून त्यांनी ती कढई मलाच घासायला दिली. कढई स्वच्छ व्हायला तास लागला. त्या तासात बाईंनी मला सांगितले की शोधन हे दुसरे काम आहे. पहिले काम पारख. कोणता गंधक घ्यावा आणि कोणता टाकून द्यावा, हे ग्रंथकारांनी शोधनाच्या आधी सांगितले आहे. लोक ते पान उलटून पुढे जातात.

वापरलेले दूध त्या कधी गटारात जाऊ देत नसत. मांजराने किंवा गाईने तोंड लावू नये म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात खोल खड्डा करून त्यात ते पुरत. शेजाऱ्यांना वासाचा त्रास होतो असे कळल्यावर त्यांनी शोधनाचा दिवस ठरवून टाकला आणि आदल्या दिवशी आजूबाजूच्या चार घरी स्वतः जाऊन सांगण्याचा नेम ठेवला.

त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू मी एका वसतिगृहात पाहिली. मुलींच्या त्या वसतिगृहात खरूज पसरली होती आणि मुली लाजेने ती लपवीत होत्या. बाईंनी अट घातली की मलम लावायचे तर सर्वांनी एकाच दिवशी, त्याच दिवशी सगळ्यांचे कपडे आणि चादरी उकळायच्या. वॉर्डनबाई दुखावल्या. मला काही झालेले नाही, मी कशाला लावू, असे त्यांचे म्हणणे. बाईंनी सगळ्या मुलींसमोर मलमाचा डबा उघडला आणि आधी स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर, कोपरांवर मलम लावले. "आज हम सब एक जैसे महकेंगे," त्या म्हणाल्या. मुली हसल्या. वॉर्डनबाईंनीही मग हात पुढे केला. कुणाला खरूज आहे आणि कुणाला नाही हा प्रश्नच त्या दिवशी उरला नाही. महिन्याभराने खरूज गेली. त्या मुलींपैकी एक आज स्वतः वैद्य आहे आणि बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात तिचाही लेख आहे.

इथवर जे लिहिले ते बाईंचे अनेक विद्यार्थी माझ्याहून चांगले लिहू शकतील. पुढचे फक्त मीच लिहू शकतो, कारण त्यातला माझा भाग बाईंनी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

संयुक्त काम सुरू होऊन तीन-चार वर्षे झाली होती. बाईंचा शिरस्ता असा की गंधकाची नवी खेप आली की तिचा नमुना आधी माझ्याकडे यायचा. मी तपासून लेखी अहवाल द्यायचा आणि मगच रसशाळेत चूल पेटायची. एका हिवाळ्यात नेहमीच्या दुकानदाराने नवा माल दिला. खडे आवळ्याच्या रंगाचे, चमकदार, ग्रंथात वर्णन आहे तसेच. बाईंनी पुडी पाठवली. माझ्या विभागात त्या आठवड्यात परीक्षण समिती यायची होती. पुडी मी टेबलाच्या खणात ठेवली.

आठ-दहा दिवसांनी बाईंचा फोन आला. रोग्यांचे औषध संपत आले होते. अहवाल झाला का, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "बाई, दुकान तेच, माल तोच. हा काय वेगळा निघणार आहे? घ्या तुम्ही करायला. रिपोर्ट मी मागाहून पाठवतो."

त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय नं, मग घेते."

समिती येऊन गेली. पुडी खणातच राहिली. माझ्या मनातून ती साफ उतरून गेली.

त्या औषधावर असलेल्या रोग्यांमध्ये छावणीतले सुभेदार निकम यांच्या आई होत्या. साताऱ्याकडच्या, सत्तरीच्या, अंगाने किडकिडीत पण बोलायला खणखणीत. वर्षानुवर्षांच्या सोरायसिसने त्यांचे कोपर आणि पाय सोलून निघत. बाईंच्या औषधाने त्यांना उतार पडला होता. दर पंधरवड्याला सुभेदार त्यांना स्वतः घेऊन येत, आणि आई बाईंपाशी तासभर गावाकडच्या गोष्टी बोलत बसत. एवढे मराठी बोलायला लखनऊत त्यांना दुसरे कोणी नव्हते. नातवंडे हिंदीत उत्तरे देत.

नवे औषध सुरू होऊन दोन महिने होत आले तेव्हा आधी त्यांचे पोट बिघडले, मग उलट्या होऊ लागल्या. थंडीचे दिवस, वय झालेले, कुणाला वेगळी शंका आली नाही. पुढे तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि जेवण सुटले. सुभेदारांनी त्यांना छावणीतल्या रुग्णालयात ठेवले. त्याच आठवड्यात आणखी दोन रोग्यांनी पोटात आग होते अशी तक्रार केली. बाईंनी आणखी तक्रारींची वाट पाहिली नाही. ज्यांचे फोन नंबर होते त्या सर्वांना औषध थांबवायला सांगितले आणि मला फोन करून एवढेच विचारले की त्या नमुन्याचा रिपोर्ट काय आला होता.

मी पाहतो म्हणालो आणि खण उघडला. पुडी होती तशी होती. तिच्यावर बाईंच्या अक्षरात "नवी खेप, कृपया सावकाश तपासावी" असे लिहिलेले होते. दोराही सुटलेला नव्हता.

तो दिवस आणि दुसरा दिवस मी यंत्रापासून हललो नाही. गंधकात सोमल होता, म्हणजे आर्सेनिक. कच्च्या मालात पुष्कळ. बाईंनी तयार केलेल्या औषधात शोधनामुळे त्यातले बरेच कमी झालेले, पण एखाद्या म्हाताऱ्या शरीराला रोज घेण्याइतके कमी नव्हे. कागद घेऊन मी तेलीबागेत गेलो. बाई अंगणात बसल्या होत्या. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

मी त्यांना काय म्हणालो ते मला इथे लिहिलेच पाहिजे. मी म्हणालो, औषध थांबवलेच आहे, आता सगळे हळूहळू बरे होतील. उरलेली खेप आपण पुरून टाकू. हा कागद कुणाला दाखवायची गरज नाही. तुमची रसशाळा बंद पडेल, आपले काम बंद पडेल, आणि आयुर्वेदाची नाचक्की करायला लोक टपलेलेच आहेत. मी आयुर्वेदाचे नाव घेतले. मनात माझी नोकरी होती.

बाईंनी माझे सगळे बोलणे ऐकून घेतले.

"निकमांच्या आई दवाखान्यात आहेत, केळुसकर," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना कारण ठाऊक नाही. ते त्यांना कोण सांगणार?"

बाई उठल्या, आत जाऊन रोग्यांची वही घेऊन आल्या आणि तुमची गाडी काढा म्हणाल्या.

आधी आम्ही छावणीत गेलो. बाई थेट वॉर्डातल्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या, आपली ओळख सांगितली आणि अहवाल त्यांच्या हातात दिला. मेजरच्या हुद्द्यावरच्या त्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद वाचला आणि नर्सला हाक मारून तपासण्या बदलल्या. आजाराचे कारण हाती लागल्यावर उपचारांना दिशा मिळाली. आणखी आठवडा गेला असता तर काम कठीण होते, असे त्यांनी नंतर मला सांगितले.

सुभेदार निकम बाहेर व्हरांड्यात होते. बाईंनी त्यांनाही सारे सांगितले. ते ओरडले नाहीत, पण जे बोलले ते ओरडण्याहून वाईट होते. परमुलखात आपले माणूस म्हणून मी आईला तुमच्या हवाली केले, असे ते म्हणाले. आणखीही बरेच म्हणाले. बाई मान खाली न घालता, त्यांच्याकडे पाहत सगळे ऐकत उभ्या राहिल्या. एकदाही "पण" म्हणाल्या नाहीत. मी चार पावले मागे होतो. त्या वेळी पुढे होऊन एक वाक्य बोलणे माझे काम होते. मी ते बोललो नाही.

त्यानंतरचे पाच दिवस आम्ही घरोघर हिंडलो. बाईंना नुसत्या फोनवर विसंबायचे नव्हते. लोक औषध ठेवून देतात आणि पुढे कधी तरी काढून घेतात, हे त्यांना ठाऊक होते. तेलीबागेतल्या गल्ल्या, छावणीतली क्वार्टर्स, जानकीपुरमची वसाहत. प्रत्येक दाराशी बाई तेच सांगत: "मेरी दी हुई दवा में खराबी निकली है। गलती मेरी है। जितनी बची हो, लौटा दीजिए, और ये जाँच करा लीजिए।" कुणी पाणी दिले, कुणी दार लावून घेतले. एका शाळामास्तरांना त्या औषधाने गुण आला होता, ते बाटली द्यायला तयार होईनात. बाई त्यांच्या ओट्यावर बसून राहिल्या. अर्ध्या तासाने मास्तरांनीच आतून बाटली आणून हातात दिली. जानकीपुरममधल्या एका मराठी बँकवाल्यांच्या घरी थोरली मंडळी नव्हती. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने आमचे मराठी ऐकून घेतले आणि हिंदीत विचारले, "आंटी, आप खुद क्यों आईं? किसी को भेज देतीं।" बाई म्हणाल्या, "बेटा, देताना मीच दिलं होतं."

वहीतल्या शेवटच्या नावापर्यंत आम्ही पोचलो. सगळ्या बाटल्या परत आल्या. आणखी चौघांच्या तपासणीत दोष आढळला. औषध वेळेवर थांबल्यामुळे ते चौघेही सुधारले. निकमांच्या आईंना हिंडूफिरू लागायला उन्हाळा उजाडला. तळपायांची बधिरता मात्र पूर्ण गेली नाही.

सुभेदार पुन्हा कधी चिकित्सालयात आले नाहीत. बाईंनी तशी अपेक्षाही ठेवली नाही. पण गावी जाण्यापूर्वी त्यांच्या आई सुनेला घेऊन एकदा तेलीबागेत आल्या. मी तेव्हा तिथे होतो.

"बाई, पोरगं तुमास्नी लई बोललं, मला कळलं," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी त्ये बी खरं हाय. पन तुमी आला नसता, तर मी म्हातारपनाचंच दुखनं म्हनून पडून राहिले असते. माझ्यामागं कुनाला काय कळलं असतं?"

बाईंनी आईंचे दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ करंजाचे तेल चोळत राहिल्या. निकमांच्या आईंनी गंधकाचे औषध पुन्हा मागितले होते. बाईंनी ते दिले नाही.

रसशाळा बाईंनी स्वतःहून बंद केली आणि तसे आयुर्वेद खात्याच्या कार्यालयाला लेखी कळवले. संयुक्त काम थांबले. एका सरकारी समितीवर त्यांची नेमणूक होणार असे जवळजवळ ठरले होते, तिथेही त्यांनी घडलेला प्रकार आपणहून कळवला आणि ती नेमणूक झाली नाही. काही महिन्यांनी प्रांतातल्या वैद्यांचा एक मेळावा होता. गंधकाच्या गुणांवर बाईंचे व्याख्यान आधीच जाहीर झालेले होते. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी गुणांऐवजी ही हकीकत सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, रोग्यांची नावे तेवढी गाळून. कारण सांगताना त्या एकच वाक्य बोलल्या: "रिपोर्ट हाथ में आने से पहले मैंने दवा बना ली।"

मी पुढच्या रांगेत बसलो होतो. माझा फोन, माझे शब्द, खणातली पुडी, यांतले काहीही त्यांनी उच्चारले नाही. उलट दोष शोधून काढल्याबद्दल त्यांनी माझे नाव घेतले, आणि लोकांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. एक ज्येष्ठ वैद्य उठून म्हणाले की अशा गोष्टी चार भिंतींबाहेर बोलू नयेत. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि शांतपणे सांगितले की आपले रोगी तर त्या भिंतींबाहेरच असतात.

सभा संपल्यावर मी त्यांना एका बाजूला गाठले. मी म्हणालो, "बाई, करा असं मी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही ते बोलला का नाहीत?"

"तुम्ही फोनवर सांगितलंत, ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "पण चूल मी पेटवली. कागद नसताना पेटवायची नाही हा नियम माझा होता, तुमचा नव्हता. माझा दोष मी सांगितला. तुमचा सांगायचा की नाही, ते तुमचं तुम्ही पाहा."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मला सोपे गेले असते. दुसऱ्या दिवसापासून त्या माझ्याशी पूर्वीसारख्याच वागू लागल्या. माझ्या पत्नीच्या आजारपणात त्यांनी दीड महिना रोज डबा पाठवला. माझ्या मुलीच्या लग्नात वडीलधारे माणूस म्हणून मांडवात उभ्या राहिल्या. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. मीही काढला नाही. मी केले ते इतकेच की त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कुठल्याही नमुन्याबद्दल कुणालाही तोंडी मत दिले नाही, आणि हाताखालच्या मुलांनाही देऊ दिले नाही. हे लोकांना माझ्या शिस्तीचे लक्षण वाटे. त्याबद्दल माझी स्तुती होई आणि ती मी ऐकून घेई.

वर्षभराने बाईंनी रसशाळा पुन्हा उघडली. आसपासच्या जिल्ह्यांतले लहान वैद्य त्यांच्याकडे येऊ लागले. गंधक कसा पारखावा, नमुना कुठे पाठवावा, अहवाल कसा वाचावा, हे त्यांनी सोप्या हिंदीत लिहून काढले आणि ज्याने मागितले त्याला दिले. शिकायला येणाऱ्या तरुण मंडळींना पहिल्या दिवशी त्या औषध दाखवीत नाहीत, निकमांच्या आईंची हकीकत सांगतात. काहींना ते आवडत नाही, ते परत येत नाहीत. जे येतात ते टिकतात. अशा टिकलेल्यांनीच आज हा ग्रंथ सिद्ध केला आहे.

संपादकांनी मला लेख मागितला तेव्हा मी प्रथम टाळले. मग तेलीबागेत गेलो. बाईंची नजर आता अधू झाली आहे, माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखले. मी सांगितले की लिहायचे तर मी सगळे लिहीन, खणातल्या पुडीसकट, आणि तुमच्या परवानगीशिवाय लिहिणार नाही. शिवप्रसादजींनी आणलेला चहा निवला.

"लिहा," त्या शेवटी म्हणाल्या. "उशीर केलात, पण लिहा. आणि शोधनाची रीत नीट लिहा, वाचून कुणी तरी करायला जाईल."

म्हणून हे लिहिले. सुभेदार निकमांच्या नजरेस हा ग्रंथ पडला, तर त्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी जे शब्द ऐकवले त्यांतला मोठा वाटा माझा होता, हे त्यांना कळावे. प्रांतातल्या ज्या वैद्यांनी त्या सभेनंतर बाईंना बेपर्वा ठरवले, त्यांनाही ते कळावे. माझ्या विद्यार्थ्यांना कळावे. बाईंनी एक चूक केली, ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवण्याची. आणि तिचीही भरपाई त्यांनी एकटीने केली.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढताना त्या मध्ये थांबतात, रसशाळेत मात्र अजून रोज जातात. परमेश्वराने त्यांना शंभरीपर्यंत न्यावे, डोळ्यांत दिसण्यापुरता प्रकाश आणि पायांत अंगण ओलांडण्यापुरते बळ राखावे. त्या रसशाळेच्या दाराशी बाई बसलेल्या असाव्यात, आणि लेखी अहवाल हाती नसलेल्या प्रत्येकाला, तो कितीही मोठा असो, त्यांनी तिथूनच परत पाठवावे.